कामावरील दुखापतींचे वारंवार दावे (नाशिक)

एकदा भरपाई मिळालेल्या कामगाराला कामावरच पुन्हा इजा होणे आणि त्याने नव्याने दावा करणे, याला वारंवार दावा म्हणतात. नाशिकमध्ये सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतले प्रेस शॉप (यंत्राने पत्रा दाबून कापणारे व आकार देणारे कारखाने) वगळून या विषयाचा विचार करता येत नाही.

आधीची दुखापत हा पुढच्या दुखापतीचा महत्त्वाचा इशारा मानला जातो. त्यावरून ‘कामगारच निष्काळजी’ असा निष्कर्ष झटकन काढला जातो, पण तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. माणूस बरा होऊन त्याच मशिनवर परततो आणि मशिन मात्र होते तसेच असते. पॉवर प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणे असतात, म्हणजे डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) खाली येताना हात बाहेर राहावेत. नगांचे टार्गेट गाठायला त्यातले एक बटण तारेने बांधून ठेवले किंवा पायाचे पॅडल जोडले, की मोकळा हात पत्रा सरकवायला डायखाली जातो. त्यात आधीच्या इजेने बोटांची पकड गेलेली असेल, तर हात वेळेत मागे येत नाही.

घाईने कामावर परतणे हे दुसरे मोठे कारण, आणि त्याची मुळे पैशात आहेत. राज्य कामगार विमा योजनेत (वेतनमर्यादा दरमहा 21,000 रुपये) तात्पुरत्या अपंगत्वात सुमारे 90 टक्के वेतन मिळते. विम्याबाहेरच्या कामगाराला भरपाईच्या कायद्याने साधारण निम्मेच, तेही ठरावीक कमाल मर्यादेत. घरभाडे आणि हप्ते निम्मे होत नाहीत; मग टाके सुकायच्या आत माणूस सेकंड शिफ्टला उभा राहतो. कंबरेच्या दुखण्यात तर जखम दिसतच नाही, म्हणून हलके काम मागणाऱ्यावर कोणी विश्वासही ठेवत नाही.

कमी अनुभव, डबल ड्युटी आणि भाषा न कळणारा नवा हेल्पर हेही धोके आहेतच.

भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गमावल्यास 30 टक्के आणि पूर्ण तर्जनी गमावल्यास 14 टक्के कमाईक्षमता गेली असे धरले जाते. त्या हाताला पुढे कोणते काम द्यावे, हे मात्र ही टक्केवारी सांगत नाही.

कंत्राटी कामगारांच्या बाबतीत मूळ मालकही भरपाईला जबाबदार असतो. तरीही ठेकेदार बदलला की जुन्या इजेची माहिती नव्या सुपरवायझरपर्यंत पोहोचत नाही आणि अधू हाताचा माणूस पुन्हा प्रेसवरच लागतो.