बाजार नवा बांधणं वेगळं, बाजार चालता करणं वेगळं

शहराच्या मधल्या बाजारपेठेचा प्लॅन निघाला की दोन शब्द हमखास जोडीने येतात, पुनर्विकास आणि पुनरुज्जीवन. कधी स्वल्पविराम टाकून, कधी "तथा" टाकून, आणि बऱ्याचदा एकाच्या जागी दुसरा. बैठकीत, बातमीत, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये सगळीकडे हेच, आणि मी दर वेळी तेच तेच समजावून आता खरंच कंटाळलोय, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा.

पुनर्विकास तुम्हाला माहीत आहे. जुनं रिकामं करायचं, पाडायचं, जास्त मजले चढवायचे, वाढीव जागा विकून नाहीतर भाड्याने देऊन खर्च वसूल करायचा. घरांच्या बाबतीत हे इतक्या वेळा बघून झालंय की त्यावर आणखी चार ओळी खर्च करत नाही. पुनरुज्जीवन म्हणजे मंदावलेली पेठ परत चालती होणं, म्हणजे बंद शटर उघडणं, वरच्या मजल्यांवर धूळ खात पडलेल्या खोल्यांत माणसं राहायला येणं, दुकानं बंद झाल्यावरही रस्त्यावर वावर असणं. पहिल्यात इमारत बदलते. दुसऱ्यात इमारत तीच राहू शकते, धंदा बदलतो. इतपत सगळ्यांना कळतं, मान डोलवतात, आणि मग पुढच्याच वाक्यात विचारतात, "पण नवीन इमारत झाली की गिऱ्हाईक येईलच ना?"

घोळ इथे आहे.

पुनर्विकासाला सगळ्यात आधी काय लागतं तर रिकामा ताबा. जागा पूर्ण मोकळी झाल्याशिवाय काम सुरू होत नाही, आणि कर्ज देणाराही आधी तेच बघतो. म्हणजे आत्ता तिथे चालू असलेला धंदा हा या हिशोबात अडथळा आहे, तो जितक्या लवकर निघेल तितकं बरं. पुनरुज्जीवनात बरोब्बर उलटं, तोच धंदा भांडवल असतो, कारण गिऱ्हाईकाच्या पायाला त्या रस्त्याची सवय त्यानेच लावलेली असते. एकात जे काढून टाकायचं त्याच्याच जोरावर दुसरं उभं राहतं, आणि हे दोन्ही एकाच प्लॅनमध्ये एकाच वेळी होणार असं लोक बिनधास्त सांगतात.

आणि धंदा इमारत पडल्यावर संपतो असं समजू नका, तो घोषणेच्या दिवसापासून मरायला लागतो. पाच वर्षांनी पाडणार म्हटल्यावर मालक छताची गळती कशाला काढेल, दुकानदार नवं फर्निचर कशाला करेल, भाडेकरार तीन वर्षांऐवजी अकरा महिन्यांचा होतो, माल उधारीवर देणारा हात आखडतो, हुशार नोकर दुसरीकडे लागतो. नगररचनावाले याला ब्लाइट म्हणतात, पिकावर पडणारा करपा असतो ना, तोच शब्द. मग चार वर्षांनी कोणीतरी फोटो काढून आणतो की बघा किती अवकळा आलीय, पाडायलाच हवं! अरे बाबा, ती अवकळा आली कशाने ते तरी विचार.

दुकानं एकेकटी जगत नाहीत हा दुसरा मुद्दा, तोही नकाशात दिसत नाही. एक बटणांचं दुकान घ्या, दहा फुटी, भिंतभर छोटे ड्रॉवर, प्रत्येकावर नमुन्याचं एक बटण शिवलेलं. तिथे येणारी बरीचशी माणसं शेजारच्या गल्लीतल्या शिंप्यांनी पाठवलेली असतात, शिंप्यांकडे लोक येतात कारण समोर कापडवाले आहेत, कापडवाल्याकडे अस्तर नसतं म्हणून अस्तरवाला चालतो. या चौघांना चार वेगवेगळ्या तात्पुरत्या गाळ्यांत टाका, शहराच्या चार टोकांना, आणि "पाच वर्षांनी सगळे परत या" म्हणून सांगा. परत येण्याचा हक्क कागदावर शाबूत असतो हो, पण तोवर शिंप्याने मुलाला दुसऱ्या लाइनला लावलेलं असतं. आणि समजा चौघंही परत आले तरी नव्या गाळ्याचं भाडं, मेंटेनन्स, एसीचा वाटा, लिफ्टचा वाटा हे सगळं बटणं विकून निघत नाही. हक्क आहे म्हणजे परवडतं असं नाही, एवढी साधी गोष्ट मी एका बैठकीत मांडली तर समोरचे साहेब म्हणाले की हा धोरणात्मक मुद्दा नाही. बरं.

आता जो भाग अजिबात कोणी समजावून सांगत नाही तो. लोक विचारतात, नवी इमारत उभी आहे, निम्मे गाळे रिकामे आहेत, मग मालक भाडं कमी करून देत का नाही, वेडा आहे का? वेडा नाहीये. नव्या व्यापारी इमारतीची किंमत विटासिमेंटवरून ठरत नाही, ती येणाऱ्या भाड्यावरून काढतात. समजा वर्षाचं भाडं 100 आणि गुंतवणूकदाराला 5 टक्के परतावा पुरतो, तर इमारतीची किंमत 2000. त्यावर बँकेने 65 टक्के म्हणजे 1300 कर्ज दिलं. आता मालकाने भाडं 100 चं 70 केलं की त्याच हिशोबाने किंमत होते 1400, कर्ज तेवढंच 1300, म्हणजे किंमतीच्या जवळजवळ 93 टक्के, आणि बँक दारात. करारात कर्ज-किंमत प्रमाणाची अट असते, ती मोडते. म्हणून मालक भाडं कागदावर 100 च ठेवतो आणि पहिलं वर्ष माफ करतो, फर्निचरला पैसे देतो, किंवा सरळ गाळा रिकामा ठेवतो, म्हणजे "अजून गेला नाही, जाईल तेव्हा 100 लाच जाईल" असं दाखवता तरी येतं. जुन्या, कर्ज फिटलेल्या, थोड्या पोपडे उडालेल्या इमारतीचा मालक मात्र 70 आनंदाने घेतो, कधी 50 पण घेतो, रिकाम्यापेक्षा बरं म्हणून. नवखा माणूस, ज्याचं दुकान चालेल की नाही त्यालाच माहीत नाही, तो त्या 50 वाल्या जागेत सुरुवात करतो. पेठेत नवी पालवी फुटते ती अशा जागांत. तुम्ही पुनर्विकासात नेमक्या त्याच जागा पाडता आणि मग नव्या इमारतीत स्टार्टअप कॉर्नर काढता.

हे सगळं हवेत वाटत असेल तर दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा, पॅरिस आणि लंडन. दोन्हीकडे शहराच्या पोटात घाऊक बाजार, दोन्हीकडे ट्रकची कोंडी, दोन्हीकडे बाजार बाहेर हलवायचं ठरलं. पॅरिसचा लेआल बाजार 1969 मध्ये शहराबाहेर रुंजीसला गेला, आणि वास्तुकार व्हिक्टर बाल्तारचे लोखंड-काचेचे मंडप 1971 पासून पाडायला घेतले, वाचलेला एक उचलून शहराबाहेर नोजांला नेला. मग त्या जागी खड्डा. वर्षानुवर्षं खड्डा, इतका मोठा की त्यात एका वेस्टर्न सिनेमाचं शूटिंगसुद्धा झालं. 1977 ला खाली रेल्वे स्टेशन, 1979 ला जमिनीखालचा मॉल, आणि पुढे त्या मॉलच्या वरचा भाग परत पाडून 2016 मध्ये ते भलंमोठं पिवळसर छत. म्हणजे मॉल उघडून चाळीस वर्षं व्हायच्या आत दुसऱ्यांदा तेच.

लंडनचं कॉव्हेंट गार्डन मार्केट 1974 ला नाइन एल्म्स या दुसऱ्या भागात गेलं. तिथेही मोठी पाडापाडी करून रुंद रस्ते नि नव्या इमारती करायचा प्लॅन तयार होता, पण रहिवासी भांडले, 1973 मध्ये आजूबाजूच्या बऱ्याच इमारतींना संरक्षण मिळालं आणि तो प्लॅन बारगळला. जुनी मार्केटची इमारत दुरुस्त करून 1980 मध्ये छोट्या दुकानांसाठी उघडली. खड्डा पडला नाही, आजूबाजूच्या गल्ल्या चालू राहिल्या.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर लेआलच्या मॉलला गर्दी प्रचंड असते, कोणी म्हणेल मग चुकलं काय. गर्दी आहे कारण खाली लोकल गाड्यांचं भलंमोठं जंक्शन आहे, तिथे काहीही बांधलं असतं तरी गर्दी झाली असती. आणि कॉव्हेंट गार्डन काही रामराज्य नाही, भाडी चढली, आज तिथे पर्यटक जास्त आणि रोजचं गिऱ्हाईक कमी. पुनरुज्जीवन यशस्वी झालं की भाडंच त्याला खातं, हा त्याचा स्वतःचा रोग आहे आणि त्यावरचा उपाय सोपा नाही, काही गाळे सार्वजनिक मालकीचे ठेवणं हा त्यातल्या त्यात चालतो असं माझं मत. पण रोग वेगळा म्हणजे औषध वेगळं, हेच तर सांगतोय.

गाड्या बंद करून पादचारी रस्ता करणं हे या दोन्हींपैकी काय, असं बरेच जण विचारतात. दोन्ही नाही. तो फक्त एक उपाय आहे, लागू पडला तर पडला. कोपनहेगनचा स्ट्रॉयट हा बाजाराचा रस्ता 1962 च्या नोव्हेंबरमध्ये प्रयोग म्हणून गाड्यांना बंद केला, दुकानदारांनी ओरड केली, 1964 ला तो कायम झाला आणि आजही चालतोय. अमेरिकेत कॅलमझू शहराने त्याच्याही आधी 1959 ला तसाच रस्ता केला, 1998 ला तिथे परत गाड्या सोडल्या. तिथल्याच फ्रेस्नो शहराचा 1964 चा पादचारी मॉल, म्हणजे गाड्यांना बंद केलेला बाजाररस्ता, 2017 मध्ये परत रस्ता झाला. कोपनहेगनात चालत आणि सायकलवर येणारी माणसं आसपासच राहत होती, अमेरिकेत गिऱ्हाईक उपनगरात निघून गेलेलं होतं आणि तिथे पार्किंगवाले मॉल उघडलेले होते. फरशी बदलून निघून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

फूटफॉल, म्हणजे आत येणाऱ्या माणसांचा आकडा, आणि विक्री यातही लोक गोंधळ घालतात, ते एका ओळीत, दारावरचा कॅमेरा पाय मोजतो, पिशव्या नाही. पुढे. सुशोभीकरण हा शब्द तर मी बादच करून टाकला असता. पाठ नसलेले ग्रॅनाइटचे बाक, उन्हात तापणारे, ज्यावर म्हातारं माणूस दोन मिनिटं टेकू शकत नाही. आणि ती कॉम्प्युटरवरची चित्रं, त्यात फुगेवालं पोर असतंच आणि पूर्ण वाढलेली झाडं असतात, खाली दोन मजली बेसमेंट पार्किंग दाखवलेलं असताना. त्या झाडाची मुळं जाणार कुठे, स्लॅबमध्ये? वर माती किती फूट टाकणार ते चित्राखाली कधीच लिहिलेलं नसतं.

मग पाडायचंच नाही का, असं म्हणत नाहीये मी. रॉटरडॅमचं मधलं शहर 1940 च्या बॉम्बफेकीत गेलं, तिथे जपायला उरलंच नव्हतं, त्यांनी 1953 ला लाइनबान नावाची पेठ उघडली, फक्त चालणाऱ्यांसाठी, बुटकी दुकानं आणि पाठीमागे राहायच्या उंच इमारती, आणि ती इतकी नीट झाली की आज ती स्वतःच संरक्षित वारसा आहे. इमारत धोकादायक असेल, आग लागली तर बंब आत जाणार नसेल, तर पाडा, जरूर पाडा, पण त्याला पुनर्विकास म्हणा आणि धंद्याचा हिशोब वेगळा मांडा. उलट बर्मिंगहॅमचं बुलरिंग शॉपिंग सेंटर बघा, 1964 ला मोठ्या कौतुकाने उघडलं, माणसांना भुयारात आणि गाड्यांना वर, चाळिशी गाठायच्या आत पाडलं आणि 2003 ला नवीन उघडलं. ज्या जागेवर कित्येक शतकं बाजार भरत होता तिथली इमारत चाळीस वर्षंसुद्धा टिकली नाही.

पाडायचं ठरलंच तर माझा एकच हट्ट असतो, टप्प्याटप्प्याने. सगळी पेठ एकदम रिकामी करू नका. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला ब्रॉडमार्श नावाचं शॉपिंग सेंटर अर्धं पाडून झालं होतं आणि 2020 च्या जूनमध्ये ते चालवणारी कंपनीच दिवाळखोरीत गेली, शहराच्या मधोमध सांगाडा तसाच उभा राहिला, पुढे त्यातल्या काही जागेवर बाग केली. एक ब्लॉक पाडा, तो भरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका, आणि पहिल्या ब्लॉकमधल्यांना हलवायचं असेल तर त्याच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर, आणि बटणवाला, शिंपी, अस्तरवाला एकत्रच. यावर बिल्डर म्हणतो असं केलं तर खर्च वाढतो. वाढतो, खरं आहे. सगळं एकदम केलं तर तो खर्च त्याच्या वहीत दिसत नाही इतकंच, दुकानदारांच्या वहीत दिसतो.