‘कोरोना बॅच परीक्षेविना पास’: नेमकं काय झालं होतं?

2020, 2021, 2022 या तिन्ही वर्षांत महाराष्ट्रात दहावी झालेल्या मुलांना सरसकट ‘परीक्षा न देता पास झालेले’ म्हटलं जातं. हे चूक आहे, आणि नोकरीच्या मुलाखतीत कुणी ते ऐकवलं तर मुलांना लागतंही.

2020 च्या मुलांनी भूगोल सोडून बाकी पेपर केंद्रावर बसून दिले. भूगोलाचे गुण इतर विषयांच्या सरासरीवर दिले गेले, इतकंच. 2022 ला तर परीक्षा लेखीच झाली: अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी, वेळ थोडा जास्त आणि केंद्र शक्यतो आपल्याच शाळेत.

उरलं 2021. त्या वर्षी बोर्डाची परीक्षा खरंच रद्द झाली. पण गुण हवेतून आले नाहीत. शंभरातले 50 नववीच्या निकालावरून, 30 दहावीत शाळेने घेतलेल्या लेखी मूल्यमापनावरून आणि 20 तोंडी, प्रात्यक्षिक व अंतर्गत कामावरून. त्यात नववीची वार्षिक परीक्षाही टाळेबंदीत रद्द झाली होती. म्हणजे नववीच्या पहिल्या सत्रात, कुणाला महामारीची चाहूलही नसताना केलेला अभ्यास दहावीच्या गुणपत्रिकेवर उतरला.

निकाल 99.95 टक्के लागला, तो फुगलेला होता हे मान्य. शाळाशाळांत गुण देण्यात फरक पडला, हेही मान्य. पण ते पद्धतीचं अपयश. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन तास ऐकणाऱ्या मुलांचं नाही.