'विणलेले' म्हणजे नेमके काय? आयात होजिअरी कपड्यांच्या वर्गीकरणाची पार्श्वभूमी

जालन्यात किंवा परभणीत कापड दुकानात 'होजिअरी' म्हटले की बनियन, टी-शर्ट, लेगिंग, मोजे असा सगळा माल त्यात येतो. सीमाशुल्काच्या दरपत्रकात तो एका हेडिंगमध्ये, म्हणजे एका चार अंकी कोडात, मावत नाही. मोजे-स्टॉकिंग 6115 मध्ये, बनियन-टी-शर्ट 6109 मध्ये, स्वेटर 6110 मध्ये.

मराठीत गुंता आणखी वाढतो. आपण पैठणीही विणतो आणि स्वेटरही विणतो. पैठणच्या मागावर ताणा आणि बाणा एकमेकांना आडवे-उभे छेदतात. सुईवर धाग्याचे फासे एकमेकांत अडकत जातात. दरपत्रकाच्या लेखी हा फरक इतका मोठा की त्याने प्रकरणच, म्हणजे कोडचे पहिले दोन अंकच, बदलतात: फाशांचे कपडे 61 मध्ये, मागावरच्या कापडाचे 62 मध्ये. म्हणून मराठीत लिहिताना नुसते 'विणलेले' हा शब्द टाळावा, असे माझे ठाम मत आहे. 'निटेड' लिहिले तर कुणाचे काही अडत नाही.

निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते, मालावर जकात तिथे बसे. आजच्या वर्गीकरणाशी त्याचा धागा जुळत नाही. आजची चौकट 1975 च्या सीमाशुल्क दर कायद्याची. 1986 मध्ये त्यात नवी आंतरराष्ट्रीय नामावली, म्हणजे मालाची नावे आणि कोड यांची यादी, आली; ती जगभर 1988 पासून लागू झाली. जुन्या आंतरराष्ट्रीय नामावलीत निटेड कापड आणि निटेड कपडे दोन्ही 60 मध्ये होते, आणि 61 म्हणजे मागावरच्या कापडाचे कपडे. नव्या नामावलीत 60 मध्ये फक्त कापड उरले आणि 61 चा अर्थच पालटला. जुने आकडे काढून 61 ची तुलना करणारे इथे हमखास फसतात. 2003 मध्ये आपल्याकडे कोड आठ अंकी झाले.

सर्वात जास्त वाद कॉलरच्या टी-शर्टचा. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही त्याला टी-शर्टच म्हणतात. पण 6109 मधला टी-शर्ट बिनकॉलरचा, गळ्याला बटणपट्टी नसलेला. कॉलर आणि अर्धी बटणपट्टी आली की पुरुषांचा कपडा 6105 मध्ये, म्हणजे शर्टात जातो. तिथेही अटी आहेत: कमरेखाली खिसा नको, खाली आवळणारी पट्टी नको, आणि सेंटीमीटरला दोन्ही दिशांनी सरासरी दहा टाके, म्हणजे विणीचे फासे, तरी हवेत. यातले एक चुकले तरी तो कपडा शर्ट राहत नाही, बहुधा 6110 मध्ये स्वेटरांच्या शेजारी जाऊन बसतो.

हे टाके किमान 10 बाय 10 सेंटीमीटरच्या तुकड्यावर मोजायचे असतात. मी पुठ्ठ्याला तेवढी चौकट कापून, भिंग घेऊन मोजून पाहिले आहेत. घरी सुयांवर केलेल्या स्वेटरला सेंटीमीटरला दोन-तीन टाके भरतात, तिथे शंकाच नसते. पण जाडसर, जाळीदार विणीचा कॉलर टी-शर्ट नेमका दहाच्या आसपास घुटमळतो. कापड थोडे ताणले की टाके विरळ होतात आणि उत्तर बदलते. तुकडा सपाट, न ताणता ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे.

दुसरी अडचण धाग्याची. ज्या धाग्याचे वजन जास्त, त्याचा कोड. सुती आणि पॉलिस्टर निम्मे-निम्मे असतील तर यादीतला नंतरचा कोड लागतो, म्हणजे सुती टी-शर्टचा 6109 10 सोडून 6109 90 घ्यावा लागतो. बरोबरीत कापूस मागे पडतो. आमच्या कापूस पिकवणाऱ्या भागाला हा नियम खुपतो आणि खुपणे रास्त आहे.

या बारकाव्यांवर पैसा अवलंबून आहे. 1 एप्रिल 2001 रोजी आयातीवरचे उरलेले परिमाणात्मक निर्बंध, म्हणजे किती माल आणायचा यावरची बंधने, उठले. त्या सुमारास बऱ्याच कपड्यांवर 'इतके टक्के किंवा नगामागे इतके रुपये, जे जास्त ते' अशी आकारणी आली आणि रुपयांचा आकडा कोडागणिक वेगळा ठेवला गेला. स्वस्त मालाला टक्क्यांपेक्षा हा रुपयांचा आकडाच जड जातो. 2018 मध्ये कापड-कपड्यांच्या शेकडो नोंदींवरचा दर 10 वरून 20 टक्क्यांवर गेला. बांगलादेशी कपड्यांना मात्र 2011 पासून शुल्कमाफी आहे, त्यामुळे तिथे कॉलरपेक्षा मूळ देशाचा दाखला मोलाचा ठरतो.

2017 च्या जीएसटीनंतर हेच कोड सेलू, उदगीरच्या दुकानांतल्या बिलांवर आले. मे 2025 मध्ये बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरची नाकी बंद झाली. हा माल आता न्हावाशेवा आणि कोलकाता या दोनच बंदरांतून देशात येतो.