बिबटेक की बिबलेटेक: स्टाईल नेमकी कुठे बदलायची?

लेटेक या मजकूर-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये थीसिस लिहिताना संदर्भसूची बिघडली की आपण नेटवर उपाय शोधतो, सापडलेल्या दोन ओळी चिकटवतो आणि काहीच बदलत नाही. बऱ्याचदा कारण एवढंच की उपाय बिबटेकचा असतो आणि आपण वापरत असतो बिबलेटेक. दोन्ही संदर्भसूची बनवायची साधनं, आणि दोघांना बिब फाईल, म्हणजे संदर्भांच्या नोंदींची फाईल, जवळपास तीच चालते, म्हणून गोंधळ जास्त.

बिबटेक हे ओरेन पटाश्निकचं, 1985 चं. ते नोंदी वाचतं, बीएसटी या स्टाईलच्या फाईलमधल्या नियमांनी सूचीचा पूर्ण मजकूर तयार करतं आणि बीबीएल फाईलमध्ये ठेवतं, लेटेक तो फक्त छापतं. म्हणजे शीर्षक तिरकं की सरळ, वर्ष आधी की शेवटी, हे सगळं बीएसटीत ठरून आलेलं असतं, आणि ती भाषा स्टॅकवाली, आधी माल मांडायचा आणि काय करायचं ते मागून सांगायचं, त्यामुळे एक स्वल्पविराम हलवायलासुद्धा अर्धा दिवस जाऊ शकतो. नवी स्टाईल हवी असेल तर हाताने लिहू नका, मेकबीएसटी हे टूल चालवा, ते एकेक प्रश्न विचारत फाईल बनवून देतं. मजकुरातले कंस, लेखक-वर्ष वगैरे नॅटबिब हे पॅकेज बघतं.

बिबलेटेकमध्ये बायबर हे सोबतचं टूल फक्त नोंदी निवडून, क्रम लावून देतं. मांडणी लेटेकच करतं, म्हणून बदल तुमच्या डॉक्युमेंटच्या सुरुवातीलाच करता येतात. जर्नलच्या नावाआधी येणारं ‘इन’ काढायचंय? रिन्यूबिबमॅक्रो ही कमांड. लेखाच्या शीर्षकाचे अवतरणचिन्ह नकोत? डिक्लेअरफील्डफॉरमॅट, एक ओळ. आडनाव आधी हवं असेल तर डिक्लेअरनेमअलायस.

मराठी संदर्भ असतील तर माझ्या मते प्रश्नच उरत नाही, बिबलेटेकच घ्या. जुनं बिबटेक अक्षर नाही, बाइट मोजतं (देवनागरीचं एक अक्षर अनेक बाइटांचं असतं), त्यामुळे नावाचं आद्याक्षर करायला गेलं की ‘वि’चा पहिला बाइट तेवढा उचलतं आणि पानावर कचरा उमटतो, आणि क्षीरसागर ‘क’च्या शेपटीला जाऊन बसतात. बायबरला युनिकोड कळतं, क्रम कोणत्या भाषेचा लावायचा तेही सांगता येतं.

पण जर्नलने स्वतःची बीएसटी दिली असेल तर मुकाट्याने बिबटेक वापरा, कारण ती फाईल बिबलेटेकला उपयोगाची नाही. आणि नॅटबिब नि बिबलेटेक एकत्र लोड करू नका, भांडतात. नॅटबिबच्या कमांडची सवय असेल तर बिबलेटेकला नॅटबिबचा ऑप्शन आहे, तो चालू करा.

बिबलेटेकवर आलात आणि यादी कोरी, मजकुरात ठळक अक्षरात नुसत्या ‘की’ (नोंदींची सांकेतिक नावं) दिसतायत, तर आधी बघा एडिटर अजून बायबरऐवजी बिबटेकच चालवतोय का.