न पाहिलेले आवडते खेळाडू

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर रणजी सामना असला की आमच्या कोपऱ्यात एक वाद हटकून पेटतो: आजवरचे सगळ्यात आवडते क्रिकेटपटू कोण? (मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. पण रिक्षावाल्याला ते सांगून पाहा.) विशीतली पोरं धोनी, रोहित, कोहलीपासून सुरुवात करतात. माझी यादी बापू नाडकर्णींपासून सुरू होते आणि तिथेच मला अडवतात. "काका, तुम्ही त्यांना खेळताना पाहिलंय तरी का?"

नाही पाहिलं. माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांचे सर्वांत मोठे डाव मी पाहिलेलेच नाहीत. मुलांना हा लबाडीचा प्रकार वाटतो, म्हणून मागचं थोडं सांगायला हवं.

नाडकर्णींचा जन्म नाशिकचा, ४ एप्रिल १९३३. यापलीकडे त्यांच्यावर हक्क सांगायला आमच्याकडे फारसं काही नाही. रणजीत ते आधी महाराष्ट्राकडून आणि मग मुंबईकडून खेळले. पण आमच्या वडिलांच्या पिढीला जन्मगाव पुरेसं होतं. घरात 'आपले बापू' असाच उल्लेख व्हायचा, जणू मेन रोडला रोज भेटतात. १२ जानेवारी १९६४ ला मद्रास कसोटीत या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटकं निर्धाव टाकली, म्हणजे मेडन, षटकात एकही धाव नाही. बोलस आणि बॅरिंग्टन समोर होते. शेजारच्या षटकांतले पाच चेंडू धरून लागोपाठ १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. डावाचा हिशेब ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी. इंग्लंडच्या संघात तेव्हा आजारपण शिरलं होतं आणि त्यांनाही धावांपेक्षा तग धरण्याचीच पडली होती, हे मान्य. तरी १३१ वेळा चेंडू त्याच जागी पडायला हवा ना! गल्लीत चार चेंडू सरळ टाकून दाखवा, मग बोलू.

माझी तक्रार वेगळी आहे. त्या एका दिवसाने बापूंचा 'चिक्कू गोलंदाज' करून टाकला. त्याच मालिकेत कानपूरला त्यांनी नाबाद ५२ आणि नाबाद १२२ केल्या, हे विचारलं तर दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसतं. १९६८ मध्ये भारताने न्यूझीलंडमध्ये ३-१ अशी मालिका जिंकली, परदेशातली पहिलीच. त्यात वेलिंग्टनला बापूंचे ४३ धावांत ६ बळी आहेत. ४१ कसोटी, ८८ बळी, षटकामागे दोन धावासुद्धा नाहीत. हे सगळं मला कळलं ते वडिलांच्या तोंडून आणि पेपरातल्या धावफलकांतून.

आमच्या लहानपणी क्रिकेट कानावाटे यायचं. टेस्ट चालू असली की रविवार कारंज्याच्या आसपास ज्या दुकानात ट्रान्झिस्टर, तिथे घोळका. मुंबई-पुण्याकडच्या सामन्यांना बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन. एरवी हिंदी-इंग्रजीची सरमिसळ, अर्धं कळलेलं आणि अर्धं चेहऱ्यांवरून ताडलेलं. १९७१ ला वेस्ट इंडीजमध्ये गावसकरने चार कसोटींत ७७४ धावा केल्या, सरदेसाईने ६४२. आमच्या वाड्यात त्या सकाळच्या पेपरातून, शिळ्या होऊन आल्या. पण इंग्लंडविरुद्धची लंडनची ओव्हल कसोटी आली ती थेट. २४ ऑगस्ट १९७१, गणेशचतुर्थी. आदल्या दिवशी फिरकीपटू चंद्राने, म्हणजे चंद्रशेखरने, ३८ धावांत ६ जणांना गुंडाळलं होतं, १७३ करायच्या होत्या. सकाळी मूर्ती बसली, दुपारी मोदक झाले, आणि संध्याकाळच्या आरतीत आजोबांचा एक कान शॉर्टवेव्हच्या खरखरीकडे. अबिद अलीने विजयी फटका मारला तेव्हा टाळ्या आरतीच्या की मॅचच्या, हा खुलासा आजीने अखेरपर्यंत मागितला.

फलंदाज गुंडाप्पा विश्वनाथ माझ्या यादीत गावसकरच्या वर आहे, यावरून मी मित्र गमावलेत. गावसकरचे १०,१२२ धावा आणि ३४ शतकं कोण नाकारेल? पण जानेवारी १९७५ ला मद्रासला वेस्ट इंडीजच्या अँडी रॉबर्ट्सने ७ जण काढले, भारत १९० त गारद, आणि त्यातल्या नाबाद ९७ एकट्या विश्वनाथच्या. चंद्रा शेवटचा बाद झाला तेव्हा दुकानदाराने रेडिओ रागाने बंद केला होता. शतकाला कमी पडलेल्या त्या तीन धावा मला आजही कुणीतरी देणं लागतं.

कपिलच्या १७५ चंही तेच. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध ५ बाद १७, तिथून नाबाद १७५. मैदानावर कॅमेराच नव्हता, म्हणजे हा डाव कुठल्याच घरात दिसला नाही. या एका बाबतीत मुंबईकर आणि नाशिककर सारखे.

मग टीव्ही आला, केबल आली आणि सचिन आला. त्याच्याबद्दल नवं काय सांगणार. फक्त एक आकडा. २२ एप्रिल १९९८, शारजा, ऑस्ट्रेलिया, मध्येच वाळूचं वादळ. आम्ही अकरा जण एका खोलीत, जमिनीवर. सचिनने १४३ केल्या, त्या १३१ चेंडूंत. बापूंनी ज्या संख्येत कुणाला एक धाव घेऊ दिली नाही, नेमकी तीच संख्या! योगायोगच, पण मला तो सापडला त्या रात्री झोप लागली नाही. पाहून आवडलेल्यांत पुढे द्रविड आला, आमच्या शेजारच्या श्रीरामपूरचा झहीर आला. यांच्याबद्दल मुलांशी वाद होत नाही, कारण पुरावा मोबाइलवर असतो.

मागे गोल्फ क्लबला महाराष्ट्राचा सामना पाहायला गेलो होतो. आपल्या नाशिकचा सत्यजित बच्छाव, तोही डावखुरा फिरकीपटूच, एका टोकाने टाकत होता. शेजारचा पोरगा मोबाइलवर दुसरीच मॅच बघत होता. मान वर करून त्याने विचारलं, "काका, काय झालं?"

"काही नाही," म्हटलं, "मेडन."

त्याची मान परत खाली गेली. मी पुढचं षटक मोजायला घेतलं.