गावातली बंद सूतगिरणी आणि नवी घरे : अर्जाची सुरुवात कुठून करायची?

भोंगा बंद होऊन वर्षे लोटलेली, पत्रे उडालेले, आवारात बाभळी माजलेल्या. आणि इकडे गावठाणात एकाच घरात तीन भावांचे तीन संसार. अशा गावात 'गिरणीच्या जागेवर घरे का होत नाहीत?' हा प्रश्न ग्रामसभेत कधी ना कधी निघतोच. घरे होऊ शकतात. मात्र बहुतेक ठिकाणी काम उलटे सुरू होते : आधी नकाशा, मग प्लॉटचे बुकिंग, आणि शेवटी कुणीतरी सातबारा उघडून पाहतो. खरा क्रम वेगळा आहे. आधी जमीन कुणाची ते पाहायचे, मग कामगारांची देणी, मग माती-पाणी. घराचा विषय त्यानंतर.

जमीन कुणाची आहे?

परवानगीसाठी अर्ज जमीनमालकाला किंवा त्याच्या नोंदणीकृत कुलमुखत्यारालाच करता येतो. ग्रामसभेचा ठराव पाठबळ देतो, मालकी देत नाही. म्हणून चालू सातबाराबरोबर जुने फेरफारही काढा. गिरणीने जमीन शेतकऱ्यांकडून विकत घेतली, सरकारने संपादन करून दिली की भाडेपट्ट्याने मिळाली, हे फेरफारातूनच उलगडते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली कंपनीसाठी संपादन केलेली जमीन शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता येत नाही. जमीन भोगवटादार वर्ग २ म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली असेल तर हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागतो. जागा एमआयडीसीची असेल तर ती भाडेपट्ट्यावर असते आणि तिथले नियोजनही एमआयडीसीच पाहते, तेव्हा पुढे दिलेली वाट तिथे लागू होत नाही.

सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. बँकेचा बोजा, थकीत वीजबिल, भविष्य निर्वाह निधीची जप्ती, सगळे तिथे दिसू शकते. सहकारी गिरणी अवसायनात (संस्था गुंडाळण्याच्या प्रक्रियेत) निघाली असेल तर १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नेमलेला अवसायकच विक्री करू शकतो. संचालक मंडळातल्या कुणी दिलेल्या इसारपावतीला तेव्हा काही अर्थ उरत नाही. सूतगिरण्यांचा सहकारी कारभार नागपूरच्या वस्त्रोद्योग आयुक्तालयाकडे, तर साखर कारखान्यांचा पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे असतो. विक्रीची फाइल कुठे अडली आहे हे तिथे कळते. खासगी कंपनी दिवाळखोरीत असेल तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने नेमलेल्या परिसमापकाशी, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याशी, व्यवहार होतो.

कामगारांची देणी

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेचा कणा हा आहे. मुंबई वगळता बहुतांश राज्याला, प्रादेशिक योजनेतल्या गावांनाही, डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. औद्योगिक झोनमधल्या जमिनीवर निवासी वापर करायला ती सशर्त मुभा देते. पण उद्योग बंद पडलेला असेल तर कामगारांची कायदेशीर देणी दिली गेली आहेत किंवा त्याबाबत समाधानकारक तडजोड झाली आहे, असे कामगार आयुक्तांचे प्रमाणपत्र लागते. त्याशिवाय रेखांकन (प्लॉट आणि रस्त्यांचा आराखडा) मंजूर होत नाही. जिथे उद्योग कधी उभाच राहिला नाही, अशा मोकळ्या जमिनीला मात्र ही अट नाही.

गावातल्या जुन्या कामगारांनी हजेरी कार्ड, पगारपत्रके आणि भविष्य निर्वाह निधीचे क्रमांक शोधून एकत्र यादी करावी आणि ती लेखी स्वरूपात कामगार कार्यालयात द्यावी. कामगार वारला असेल तर वारसांनी वारस दाखला जोडावा. कंपनी दिवाळखोरीत असेल तर परिसमापकाकडे मुदतीत दावा दाखल करा. विक्रीच्या रकमेत कामगारांची २४ महिन्यांची देणी तारणधारक बँकेच्या बरोबरीने धरली जातात.

घरांतला वाटा ठरवायचा असेल तर शब्द मोजून लिहून घ्या. मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले ते कोकणातल्या आणि घाटावरच्या घराघरांत ठाऊक आहे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात पालिका आणि म्हाडाला द्यायचा वाटा गिरणीच्या जमिनीवर धरला होता. २००१ च्या बदलानंतर तो फक्त मोकळ्या जमिनीवर आला, आणि एका शब्दाने गिरणी कामगारांच्या वाट्याची जागा आक्रसली. तुमच्या करारात 'एकूण क्षेत्र' लिहिले आहे की 'मोकळे क्षेत्र', हे पाहिल्याशिवाय सही करू नका.

माती आणि पाणी

गिरणीच्या आवारात डिझेलची टाकी, रंगाई विभाग, बॉयलरची राख, अॅस्बेस्टॉसचे पत्रे असू शकतात. साखर कारखान्याला मद्यार्क प्रकल्प जोडलेला असेल तर मळीच्या सांडपाण्याची तळी असतात. धोकादायक कचऱ्याची विल्हेवाट २०१६ च्या नियमांप्रमाणे अधिकृत यंत्रणेमार्फतच लावायची असते. जेसीबीने खड्डा करून पुरणे म्हणजे पुढच्या पिढीच्या विहिरीत विष सोडणे आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयातून उद्योगाच्या जुन्या संमतिपत्रांच्या प्रती मिळवा, त्यावरून तिथे काय वापरले जात होते ते कळते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून माती आणि बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्या. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीही लागते.

परवानगीचा अर्ज

इतके झाले की आर्किटेक्टकडे जा. अर्ज आर्किटेक्टमार्फत दाखल होतो. गावठाणाबाहेरची जागा असेल तर नगररचना कार्यालय तांत्रिक छाननी करते आणि मंजुरी महसूल विभागाकडून येते. सोबत चालू सातबारा आणि आठ-अ, फेरफार, मोजणीची 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा), प्रादेशिक योजनेचा झोन दाखला, पोचरस्त्याचा पुरावा, कामगार आयुक्तांचे प्रमाणपत्र, बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र, पाणीपुरवठ्याबाबत ग्रामपंचायतीचे पत्र आणि रेखांकनाचा नकाशा लागतो. मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि तारीख मिळायला वेळ जातो, म्हणून तो अर्ज सर्वांत आधी करून टाका. जागा ०.४ हेक्टर किंवा मोठी असेल तर १० टक्के खुली जागा सोडावी लागते. ती नकाशावर नाल्याच्या काठाला ढकललेली नाही ना, ते पाहा.

जमीन आधीच 'औद्योगिक अकृषिक' आहे म्हणून काम संपले असे समजू नये. निवासी हा वेगळा वापर आहे. त्या वापराचे शुल्क भरून महसूल दप्तरी बदल नोंदवून घ्यावा लागतो.

घर किंवा प्लॉट घेणाऱ्यांसाठी

क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा आणि घरे आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्य प्राधिकरणाची) नोंदणी सक्तीची आहे, प्लॉटच्या प्रकल्पालाही. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम कुणी मागू शकत नाही. मंजूर रेखांकन नसताना गुंठ्या-गुंठ्याने जागा घेऊ नका.

भूमिहीन कुटुंबांसाठी वेगळी सोय आहे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या यादीत नाव आहे, पण जागा नाही, अशांना पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला जास्तीत जास्त १ लाख रुपये मिळतात. घरासाठी केंद्राच्या निकषाने सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये, घर किमान २५ चौरस मीटरचे. बेघर कुटुंबे आणि कच्च्या घरात राहणारी कुटुंबे पात्र. आयकर भरणारे, सरकारी नोकर, चारचाकी असणारे अपात्र. आधार, बँक पासबुक, जॉबकार्ड आणि जागामालकाचे संमतिपत्र घेऊन पंचायत समितीत जा. मंजूर रेखांकनातले कोपऱ्याचे, कमी किमतीचे प्लॉट या कुटुंबांसाठी राखावेत, असा ठराव ग्रामसभेने सुरुवातीलाच करून मालकाशी लेखी बोलणी केली, तर पैसा आणि जागा यांची गाठ पडते. प्लॉट विकून संपल्यावर असा ठराव करून उपयोग नाही.

घर उभे राहिले की ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) नोंद करून घ्या, आणि ती पती-पत्नी दोघांच्या नावाने करा.