‘फ्लीस इन’: शेतकऱ्याच्या घराचा पब कसा झाला

इंग्लंडच्या वुस्टरशर परगण्यात एव्हशॅमजवळ ब्रेटफर्टन नावाचे गाव आहे. तिथला ‘फ्लीस इन’ हा पब पाहायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून येतात. वास्तू पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची, पण पब म्हणून तिचे वय त्या मानाने कमीच. आधीची चारशेहून अधिक वर्षे हे बर्ड नावाच्या सधन शेतकरी कुटुंबाचे राहते घर होते. माणसे आणि गुरे एकाच लांबलचक छपराखाली.

1830 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये कोणत्याही करदात्याला दोन गिनी भरून घरात बिअर विकण्याची मुभा मिळाली आणि गावोगावी घरांचे गुत्ते झाले. ब्रेटफर्टनच्या या घराला परवाना मिळाला 1848 मध्ये. घेणारा हेन्री बर्ड टॅपलिन, याच घराण्यातला. घर पाडून नवे काही बांधले नाही. होत्या त्याच खोल्यांत बाकडी आली.

घराण्यातली शेवटची मालकीण लोला टॅपलिन. 1977 मध्ये ती गेली आणि मृत्युपत्राने सगळे नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे, आले. घर होते तसेच राहावे, ही तिची इच्छा. बारमध्ये बटाट्याचे वेफर्स विकायचे नाहीत, अशीही तिची अट सांगितली जाते. अट विक्षिप्त वाटेल, पण मला वाटते घर वाचले ते अशाच हट्टामुळे. एखाद्या बिअर कंपनीच्या हाती गेले असते तर भिंती कधीच एकसारख्या रंगल्या असत्या.

म्हणून आत गेल्यावर आधी खाली बघावे. चुलाण्यासमोरच्या फरशीवर पांढरी वर्तुळे काढलेली आहेत. धुराड्यातून चेटकिणी उतरू नयेत म्हणून ही तजवीज. आपल्या दारावरच्या लिंबू-मिरचीसारखीच. पुसट झाली की पुन्हा गिरवतात. एका खोलीत कथिलाची जुनी ताटे-भांडी मांडली आहेत. इंग्लंडच्या यादवी युद्धातल्या, 1651 च्या वुस्टरच्या लढाईच्या वेळी सैन्याचा पगार भागवायला संसदेचा सेनापती क्रॉमवेल याने या घरातून सोने घेतले आणि बदल्यात ही भांडी ठेवली, अशी आख्यायिका आहे. पुरावा कोणी मागू नये. दुसऱ्या खोलीचे नाव ‘ब्रूहाउस’, कारण पूर्वी बिअर तिथेच गाळली जायची.

फेब्रुवारी 2004 मध्ये गवती छपराला आग लागली. दुरुस्ती होऊन पब उघडायला 2005 उजाडले.

आज इथे स्थानिक बिअर, सायडर आणि जेवण मिळते. अंगणात मॉरिस हे इंग्रजी लोकनाच होतात. पण खरी गर्दी अ‍ॅस्परॅगसच्या लिलावाला. ही भाजी आपल्या शतावरीची भाऊबंद. एव्हशॅमचे खोरे तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. मे महिन्यात ताज्या कोंबांच्या जुड्या मांडून बोली लावतात आणि पैसा धर्मादाय कामाला जातो. हंगाम रूढीने 23 एप्रिल ते 21 जून. नंतर गेलात तर लिलाव हुकला.